टाळ्या राणीला पडल्या

मित्रांनो, तीस वर्षं भाषणं करतोय, पण आज संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःच्या आवाजाला घाबरलो.

गोरेगावात आरेच्या जंगलाला लागून असलेल्या एका सोसायटीत व्याख्यान होतं. विषय होता सध्या घरोघरी बघितली जाणारी जादूच्या राज्याची मालिका. तिच्यातली राणी नदीपलीकडच्या लोकांना ‘सावल्या’ म्हणते आणि पूल तोडायला लावते. आधी समोरच्याला माणूस म्हणणं थांबतं, मग वाट बंद होते, हे मला सांगायचं होतं. म्हणून राणीचं भाषण मी हात उंचावून, पूर्ण ताकदीने म्हणून दाखवलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचं विवेचन कोणी ऐकलंच नाही.

चहाच्या वेळी सेक्रेटरी आले. "सर, झकास! रविवारी आमची मीटिंग आहे. जंगलातल्या आदिवासी पाड्यातल्या बायका भाजी विकायला येतात ना, ते मागचं गेट कायमचं बंद करायचंय. राणीचं तेवढं परत म्हणा."

"अहो, राणी चुकीची आहे!"

"असू दे हो. बोलते मस्त."

एक काकू सेक्रेटरींना म्हणाल्या, "आणि ताजी मेथी कोण आणणार, तुम्ही?" सगळे हसले. आणि पुन्हा चहाकडे वळले.

घरी येऊन हे लिहितोय. टाळ्या पडत होत्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लपवणार नाही.

रविवारी मी जाणार आहे, गेट उघडं ठेवा म्हणून सांगायला. ऐकतील का, माहीत नाही.

तुमच्या सोसायटीत असा ठराव आला, तर तुम्ही कोणत्या बाजूने हात वर कराल?