दोन चुलींवरची गयाबाई

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगतो. आयुष्यभर सर्वेक्षणाचे फॉर्म भरले, तपासले... माणूस रकान्यात बसला नाही की माझं डोकं फिरायचं. म्हणूनच ही गोष्ट अजून टोचते.

दुष्काळाच्या साली पहिली फेरी झाली. मी भोकर भागात होतो. नियम एकच — त्या दिवशी माणूस ज्या चुलीवर जेवला, त्या घरात त्याची नोंद. पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला, वाटणीसाठी सगळीकडचे जुने कागद एकत्र आले आणि दुसऱ्या फेरीसाठी मी याद्या जुळवायला बसलो. बघतो तर काय... गयाबाई, नातं 'कुटुंबप्रमुखाची सासू', मयत नवऱ्याचं नाव तेच, मूळ गाव तेच, आणि नोंद दोन्हीकडं — भोकरलाही अन् देवणीलाही. तारीखसुद्धा एकच. मधे एसटीचा अख्खा दिवस मोडतो! देवणीचा फॉर्म एका सहकाऱ्यानं भरलेला, भोकरचा माझ्याच अक्षरात. म्हातारीनं माझ्यासमोर भाकरी खाल्ली होती.

साहेब म्हणाले, एक नोंद खोटी आहे, जाऊन बघा आणि कापा.

आधी भोकरला गेलो. गयाबाईची थोरली लेक कौसाबाई नोंद खोटी म्हटल्यावर भडकलीच. म्हणाली, माय त्या दिवशी दुपारी आली, जेवली, लगेच निघाली आणि दुसऱ्या दिवशी देवणीत वारल्याचा निरोप आला. देवणीची धाकटी सरू मात्र म्हणायची, माय महिनाभर हंतरुणातून उठलीच नव्हती, थोरली धादांत खोटं बोलते. त्यावरून दोघी बहिणींचं बोलणं बंद. लग्नकार्यालासुद्धा एकमेकींच्या दारात जात नव्हत्या.

देवणीला सरूबाईनंही तेच ठासून सांगितलं. मग जरा घुटमळली.

"त्या दिसी मी मायला आंबील पाजली. ती म्हणली, आत्ता थोरलीकडं जाऊन आले. दारात कागदवाला उंबऱ्यावर बसला व्हता, त्याला उठीवलं. मला वाटलं, तापात बरळून राहिली."

उंबऱ्यावर बसलो म्हणून गयाबाईनं मला चांगलंच झापलं होतं. कौसाबाई तेव्हा आत चुलीपाशी होती. लाजेपायी हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं... घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

"तो मीच," मी म्हणालो. "तुमची बहीण खोटं बोलत नाही, बाई."

सरूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"इतकी सालं मी तिला खोटी म्हणून राहिले," ती म्हणाली. "भोकरची यष्टी कुठून भेटती, भाऊ?"

अहमदपूरपर्यंत मीच सोबत गेलो आणि तिला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं.

ऑफिसात मी कुठलंच नाव कापलं नाही. शेऱ्यात लिहिलं — दोन्ही नोंदी बरोबर. साहेब जाम बोलले, लेखी खुलासा मागितला... आता रिटायर होऊनही वर्षं झाली. तो खुलासा काही मला अजून देता आलेला नाही.