आर्णीत तिसरा क्रमांक

तेहतीस वर्षांच्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हे आठवायलाही वेळ लागतो. ही एक मात्र कालची असल्यासारखी आठवते आणि आठवली की अजून चिडचिड होते. आरोपीवर होते, एक मोबाइल गेम बनवणाऱ्यांवर होते आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होते.

माझ्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. कुणाचंही नाव मी इथे देणार नाही. ती माणसं अजून याच जिल्ह्यात राहतात.

फिर्यादी बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई होती. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करायची. नवऱ्याचं कृषी केंद्र होतं. दुकानात आलेल्या शेतकऱ्याशी हात जोडून, हळू आवाजात बोलणारा माणूस. घरात त्याने तिचा डावा हात दोनदा मोडला होता. दुसऱ्यांदा ती दवाखान्यातून घरी गेलीच नाही, थेट ठाण्यात आली. हाताचं प्लास्टर अजून ओलं होतं. मी गुन्हा दाखल केला, अटक केली. पुढे त्याला जामीन मिळाला. फिर्यादीच्या जवळ जायचं नाही, कोणत्याही मार्गाने संपर्क करायचा नाही, अशी अट कोर्टाने घातली होती.

तिच्या धाकट्या भावाने तिला नेरला खोली बघून दिली. तिथल्या एका लॅबमध्ये तिला कामही मिळालं. बाराव्या दिवशी तिचा मला फोन आला. नवरा लॅबच्या समोर रस्त्यापलीकडे उभा होता.  तिच्याकडे बघून नमस्कार केला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. त्याने खत कंपनीच्या बैठकीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. बैठक नेरलाच होती, त्याच दिवशी होती. "साहेब, मी कामानं गेलतो. ती तिथं राह्यते हे मले काय माहीत?" असं म्हणाला. जामीन रद्द करा म्हणून मी अर्ज केला. कोर्टाने विचारलं, तो मुद्दाम तिच्या मागे गेला याला पुरावा काय? माझ्याकडे नव्हता.

मग मी स्वतः लक्ष घातलं. ओळखीच्या एका डॉक्टरांच्या मदतीने तिला आर्णीच्या एका लॅबमध्ये काम मिळवून दिलं आणि तिकडे हलवलं; ती कोण, हे त्यांनाही सांगितलं नाही. सिमकार्ड बदलायला लावलं. नवीन पत्ता चौघांनाच माहीत होता. ती स्वतः, तिचा भाऊ, मी आणि आमच्या ठाण्यातली महिला हवालदार. ही हवालदार चाळिशीची, दिग्रसकडची, दोन मुलांची आई. फिर्यादीची सगळी ने-आण तिनेच केली होती.

नवव्या दिवशी सकाळी फिर्यादी आर्णीच्या स्टँडवर बाकावर बसली होती. नवरा शेजारी येऊन बसला. तिच्या डाव्या हाताकडे बघत त्याने विचारलं, "हात कसा हाये आता?" आणि उठून गेला. स्टँडवरच्या एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही. नवरा-बायको बोलत बसलेत, असंच वाटलं असणार.

मी त्या दिवशी ठाण्यात सगळ्यांवर ओरडलो. चौघांना माहीत असलेली गोष्ट पाचव्याकडे जाते, म्हणजे चौघांपैकी एक फुटला, हा माझा हिशेब. तीस-एकतीस वर्षं हाच हिशेब बरोबर येत होता.

त्यातच खबर मिळाली. कृषी केंद्राच्या समोर एका मुस्लिम मेकॅनिकचं टायरचं दुकान होतं. तो माझा जुना माणूस. त्याने फोन करून सांगितलं, "साहब, उसका साला आया था. दो बार. पिछे की खोली में बैठे, दरवाजा लगाके."

साळा म्हणजे आमच्या फिर्यादीचा भाऊ. मी त्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं.

माणसाला प्रश्न विचारण्याआधी नुसतं बसवून ठेवायचं, ही माझी पद्धत होती. समोर लोकांची ये-जा, वायरलेसची खरखर, कुणी पाणीही विचारत नाही. चार तासांत बहुतेकांचा धीर सुटतो. हा कापूस-तुरीची शेती करणारा सरळ माणूस, त्याचा दोन तासांतच सुटला. आधी म्हणाला, फवारणीचं औषध आणायला गेलो होतो. खोटं बोलताना तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी आवाज चढवल्यावर म्हणाला, भाऊजींना विनवायला गेलो होतो. संमतीने फारकत द्या, ताईला मोकळं करा, म्हणून पाय धरले. ताईला कळलं असतं तर तिला अपमान वाटला असता, म्हणून सांगितलं नाही.

मी विश्वास ठेवला नाही. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलू शकतो, हे पोलिसांना पटायला जड जातं. त्याच्या मोबाइलचा सीडीआर, म्हणजे आल्या-गेल्या कॉलचा तक्ता, मागवला. त्यात नवऱ्याला एकही कॉल नव्हता. मी म्हणालो, समोरासमोर सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी परत बोलावला, परत बसवला. आणि मी त्याहून वाईट गोष्ट केली. फिर्यादीला ठाण्यात आणून त्याच्यासमोर उभं केलं.

तिने त्याला एवढंच विचारलं, "तू त्याच्या दुकानात गेलता काय?"

"गेलतो ताई, पन..."

पुढचं तिने ऐकलं नाही. ती बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली. भाऊ मान खाली घालून बसला. त्या दिवसानंतर तिने त्याचा फोन घेणं बंद केलं. मला वाटलं, भोक बुजवलं.

आता परत गाव बदलायला ती तयार नव्हती. म्हणून महिला हवालदाराला मी साध्या वेशात तिच्याबरोबर आर्णीला ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ठाण्यात प्रलंबित गुन्ह्यांची यादी घेऊन बसलो होतो. वरून मागणी होती, लेखनिक घाई करत होता. तेवढ्यात हवालदाराचा फोन आला. म्हणाली, बाई मोबाइलवर कॅरम खेळतात, मीही तोच खेळते, आणि त्या कॅरममध्ये काहीतरी गडबड आहे. माझं डोकं आधीच तापलेलं. तुला तिथे गेम खेळायला पाठवलं आहे का, इथपासून सुरू होऊन मी बरंच बोललो. माझं संपेपर्यंत ती थांबली.

"साहेब, पाच मिनिटं ऐका. मंग मेमो द्या," ती म्हणाली.

फिर्यादी रोज सकाळी स्टँडवर थोडा वेळ आणि दुपारी एकच्या सुट्टीत, डबा खाऊन झाला की कॅरम खेळायची. त्या दिवशी डाव जिंकल्यावर मोबाइल वाजला आणि पडद्यावर ओळ आली. अभिनंदन, आर्णीतल्या खेळाडूंमध्ये तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर आहात, ही आनंदाची बातमी तुमच्या मित्रांना कळवली आहे. हवालदाराने विचारलं, मित्र कोण? तेव्हा यादी उघडली. चौदा जण होते. त्यातले अकरा तिला ओळखू आले. उरलेल्यांत एकाच्या नावाजागी नुसते आकडे होते आणि चित्र गुलाबाच्या फुलाचं.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवरा-बायको हा गेम एकत्र खेळायचे. घर सोडल्यावर तिने त्याचं नाव यादीतून काढलं होतं. गुलाबाच्या फुलाचं ते दुसरं खातंही त्याचंच आहे आणि आधीपासून यादीत आहे, हे तिला माहीत नव्हतं. सिम बदललं, नंबर बदलला, पण गेम जुन्याच खात्यावर सुरू ठेवला, कारण नवीन खातं म्हणजे पहिल्या पायरीपासून सुरुवात. मी फिर्यादीला चिडून विचारलं, एवढं काय अडलं होतं त्या पायरीवाचून? ती म्हणाली, "त्या घरातून माह्या नावाचं तेवढंच सोबत आलं होतं, साहेब."

आम्ही तिघं आणि सायबर कक्षाचा एक कर्मचारी, अशी एक अख्खी दुपार त्या गेममध्ये घालवली. कोण कधी खेळतो, किती वाजेपर्यंत खेळतो, कोणत्या गावातून खेळतो, सगळं मित्रांना दिसत होतं. हे कुणी मुद्दाम सुरू केलेलं नव्हतं. गेम मोबाइलमध्ये घेतानाच सुरू होऊन येत होतं. बंद करायचं बटण चार याद्यांच्या आत, बारीक अक्षरात. ते शोधताना सायबरवालाही दोनदा चुकला. आर्णी हे गाव कळलं की पुढचं सोपं होतं. बायको लॅबमध्ये काम करते, गावात लॅब मोजक्या, आणि ती सकाळी नऊला स्टँडवर व दुपारी एकला सुट्टीत खेळते. वेळापत्रकच त्याच्या हातात होतं.

आम्ही कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर लगेच आलं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मी तो कागद लेखनिकाच्या टेबलावर आपटला. त्याने निमूटपणे आवक क्रमांक टाकून तो फाइलला लावला.

कंपनीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. पुरावा आपणच उभा करायचा, असं ठरलं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका लॅबचे मालक मदतीला तयार झाले. तिथल्या ठाण्याला कळवलं, पंच बोलावले. हवालदार फिर्यादीचा मोबाइल घेऊन दुपारी तिथे खेळायला बसली. ती इतकी वाईट खेळायची की लोहाऱ्याच्या यादीत शेवटून दुसरी आली. नवऱ्याला संशय येईल, ही मला काळजी. तेव्हा फिर्यादी म्हणाली, "मीच खेळीन." मी नको म्हटलं. तिने माझं ऐकलं नाही.

रोज खासगी गाडीने तिला न्यायचं, अर्धा तास खेळू द्यायचं, परत आणायचं. चौथ्या दिवशी ती लोहाऱ्यात दुसरी आली. सहाव्या दिवशी एक वाजून गेल्यावर तो आला. आधी पलीकडच्या लॅबमध्ये डोकावला, मग इकडे आला. हातात चिठ्ठी होती. शुगर तपासायची आहे, म्हणाला. पांढरा कोट घालून, तोंडाला मास्क लावून बसलेली आमची हवालदार म्हणाली, बसा. तो आतल्या दाराकडे बघत बसला. दोन मिनिटांनी मी आत आलो.

पंचांसमोर मोबाइल जप्त केला. त्यात नेर, आर्णी, लोहारा, तिन्ही गावांच्या गेममधल्या ओळींचे फोटो तारीख-वेळेसह जपून ठेवले होते. चौकशीत तो चिडला नाही, रडला नाही. गिऱ्हाइकाला औषधाची मात्रा समजावून सांगावी तसा बोलला.

"साहेब, मी तिच्या फोनले हातबी लावला नाई. कोनाले इचारलं नाई. गेमनंच मले सांगितलं. चौदा जनाईले सांगितलं. त्याईलेबी आना मंग."

  मी म्हणालो, "चौदातला एकच लोहाऱ्याला आला." तेवढं कोर्टाला पुरलं. पाठलागाचं कलम वाढलं, जामीन रद्द झाला. पुढे मी निवृत्त झाल्यावर त्याला शिक्षा झाली आणि तिला फारकत मिळाली.

मोबाइल परत देताना मी तिला उपदेश केला. हा गेम आजच्या आज काढून टाक, असले नाद सोड, वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, घर सोडलं, नोकरी सोडली, नंबर सोडला, नेर सोडलं. आता खेळबी मीच सोडू? त्याले कोनी म्हटलं काय, तू फोन सोड म्हनून?"

मी मोबाइल हवालदाराच्या हातात दिला. हवालदाराने तिच्या शेजारी बसून एकेक बटण बंद करायला शिकवलं. गुलाबाचं फूल यादीतून गेलं. गेम राहिला.

भावाची गाठ मी मुद्दाम घेतली. तुरीच्या शेंगा भरायचे दिवस होते. तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर भेटला. माझी चूक झाली, असं मी त्याला सरळ सांगितलं. त्याने मला बाभळीखाली बसवलं, पाणी दिलं. ताईने माफी मागितली, भाऊबीजेला ओवाळलं, हेही त्याने सांगितलं. ती आता कुठे राहते, असं मी विचारलं.

"मले माहीत नाई," तो म्हणाला. "सांगत होती. मीच म्हटलं, पत्ता नोको सांगू. माहीतच नसलं तं कोनी माह्यावर शक घेनार नाई."

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात तेव्हा मी मोबाइलमधल्या बटणांबद्दल सांगतो. कोणाला काय दिसतंय ते तपासा, अनोळखी मित्र काढून टाका, आपलं गाव दाखवायची परवानगी देऊ नका. हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण मला स्वतःला बोचतं ते वेगळंच आहे. फितूर शोधायची सवय इतकी मुरली होती की माणूस सापडताच मी शोध थांबवला. भावाच्या त्या दोन दिवसांची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत माझ्याच सहीने आहे. चौकशीकामी बोलावून समज देऊन सोडले. समज कुणाला द्यायला हवी होती, हे लिहायला त्या नोंदवहीत रकाना नाही.