आक्कांचा अर्ज

अजूनही कुठे लाकडी जमिनीवर घाईची पावले वाजली की जुन्या फळ्यांचा तेलकट, दमट वास मला येतो आणि पाणीगेटजवळच्या त्या माडीवर आक्का येरझाऱ्या घालू लागतात. त्यांच्या शाळेतल्या मुलांना ऐकू येत नसे. तरी आक्कांनी आत पाऊल टाकले की पाठमोरी बसलेली मुलेही वळून पाहत. फळ्यांतून तळपायांना त्यांची चाहूल लागे.

आक्का बसलेल्या मला आठवत नाहीत. मुलाचा तळहात स्वतःच्या गळ्यावर धरून त्याला आवाजाची थरथर दाखवताना तेवढ्या त्या स्थिर असत. एरवी चहासुद्धा चालता चालता.

नव्वदच्या दशकातली ती वर्षे. बडोद्यात जुनी घरे पाडून दुकाने उठत होती, आणि माडीच्या मालकानेही जागा विकायला काढली होती. मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेचे अनुदान मिळाले, तरच शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, समा भागातल्या दोन खोल्यांत हलणार होती. नाहीतर दिवाळीनंतर मुलांनी घरी बसायचे. अर्ज लिहायला मी सयाजीगंजातल्या कॉलेजच्या वसतिगृहातून येऊ लागले. कवितेची धुंदी होती. ‘निःशब्द अंधारात चाचपडणारी अभागी बालके’ असे काही वाचून दाखवले की आक्का न थांबता म्हणत, “खोड.”

“अहो आक्का, पण वाचणाऱ्याला पाझर फुटायला हवा ना?”

“माझी पोरं पतंग उडवतात, भांडतात, पाठीमागे माझी नक्कल करतात. अभागी कुठली? खोड. आणि ते गळक्या छपराचंही खोड. घरातलं उणं परक्याला दाखवत नाहीत.”

त्यांचे वडील संस्थानच्या अमलात मोठ्या हुद्द्यावर होते. देणाऱ्यांच्या घरात त्या वाढल्या. मागावे कसे, हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

म्हणून संस्थेचे गृहस्थ पाहणीला आले, त्या दिवशी छपराखालच्या बादल्या जिन्यामागे गेल्या. शेजारच्या कोकिळाबेनचा गालिचा फळ्यांवर आला. मुलांच्या अंगावर सणाचे कपडे, पाहुण्यांसमोर चांदीच्या वाटीत श्रीखंड, माडीभर केशराचा दरवळ. मी डोळ्यांनी खुणा करत होते; आक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या. पाहुण्यांनी वाटी निपटून सभोवार पाहिले.

“बेन, तमारे त्यां तो बधुं सरस छे,” ते अगदी मनापासून म्हणाले – तुमच्याकडे तर सगळेच छान आहे. आक्का त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेल्या.

काही दिवसांनी नकार आला: आपली संस्था सुस्थितीत आहे, आमचे साहाय्य गरजूंसाठी असते.

“श्रीखंड जरा जास्तच चांगलं झालं होतं म्हणायचं,” आक्का हसून म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांच्या येरझाऱ्यांना खंड पडला नाही. शेवटी मीच त्या गृहस्थांना फोन करून जिन्यामागच्या बादल्यांचे सांगितले. ते म्हणाले, “जे खरे असेल ते लिहून पुन्हा पाठवा.”

समाच्या खोल्यांत शाळा आजही भरते. तिथे जमीन फरशीची. तिच्यातून पाऊल कळत नसे. म्हणून शेवटची काही वर्षे आक्का दारातल्या दिव्याची उघडझाप करून आत येत. त्यांना जाऊन आता पुष्कळ काळ लोटला. त्यांची आठवण निघाली की मी मात्र माडीवरच्या दुसऱ्या अर्जाच्या संध्याकाळीच जाऊन पोचते.

बाहेर पाऊस होता. मी वाचत होते: छप्पर गळते. कानाची यंत्रे सर्वांना पुरत नाहीत. मुले ती आळीपाळीने लावतात. जागा सोडावी लागणार आहे. दर वाक्यानंतर मी त्या ओळखीच्या शब्दाची वाट पाहत होते. पावले वाजत होती, बादलीत थेंब वाजत होते. शेवटचे वाक्य कागदावर उतरवायचे धैर्य झाले नव्हते. ते मी नुसतेच म्हटले: ‘आम्हांला मदत हवी आहे.’

पावले थांबली. कोपऱ्यात दप्तरे भरणाऱ्या मुलांनी एकदम माना वर केल्या. आक्का खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, स्वतःचाच तळहात गळ्यावर ठेवून.

“लिहू?” मी विचारले.

आक्का म्हणाल्या, “लिही.”