एका गोडाऊनात दोघांचे मीठ

काल मोजताना मिठाची बावीस पोती कमी भरली होती. आज सकाळी एकही कमी नव्हते. दुसऱ्या एखाद्या स्टॉक क्लार्कला हायसे वाटले असते. मी वाकून पोत्यांखालची जमीन पाहू लागलो.

निजामी अमलाच्या अखेरच्या काळातली ही हकिकत आहे. हैदराबादच्या एका मिठाच्या पेढीने मला आदिलाबादला नेमले होते. पेढीचे स्वतःचे गोडाऊन तेथे नव्हते. माल किसनराव नावाच्या अडत्याकडे राहत असे. अडत्या म्हणजे दुसऱ्याचा माल सांभाळून त्यावर दलाली घेणारा व्यापारी. पेढीची चिठ्ठी आली की तो तेवढी पोती त्या दुकानदाराकडे रवाना करी. चिठ्ठीवाचून पोते हलवायचे नाही, असा करार होता. मी मोजदाद करून सही करायची. अडचण एवढीच, की मी मुक्कामाला किसनरावांच्याच घरी राहत होतो आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवत होतो. दुसरी खोली शोधण्यासाठी चार माणसांशी बोलावे लागते, आणि ते मला जमत नव्हते.

काल तूट निघाली तेव्हा ते म्हणाले होते की ज्वारीच्या मागे काही पोती राहिली असतील, उद्या सावकाश मोजा. तशी ती आज मिळाली.

परंतु त्याच गोडाऊनात नांदेडच्या एका व्यापाऱ्याचेही मीठ होते. पावसाळ्यात मीठ पाझरते आणि पोत्याखालची जमीन काळी पडते. नांदेडकरांच्या थप्पीच्या कडेला पोत्यांच्या आकाराचे ओले डाग उघडे पडले होते. आमच्या थप्पीच्या टोकाला असलेल्या पोत्यांखालची जमीन मात्र कोरडी होती.

दुपारच्या गाडीने आमचे मॅनेजर येणार होते. सही केली तर ती खोटी ठरणार होती. न करावी, तर किसनरावांची अडत जाणार. आणि एका पेढीने माल उचलला की बाकीचेही उचलणार. त्या घरात दुसरी मिळकत नव्हती. सकाळी काकूंनी, म्हणजे किसनरावांच्या पत्नीने, आग्रहाने वाढलेली भाकरी मला आठवत राहिली.

शेवटी कसेबसे म्हणालो, "काका, दोन्ही थप्प्या आज एकाच वेळी मोजू या."

"काऊन? नांदेडवाल्याच्या मालाशी तुमाले काय करायचं हाय?"

मी त्या ओल्या डागांकडे पाहत राहिलो. त्यांनीही पाहिले आणि ते पोत्यावर बसले.

मग त्यांनी सांगितले. पावसाने रस्ता बंद होण्याच्या बेतात होता. जवळच्या इचोडा गावातल्या दुकानांतले मीठ संपले होते, आणि हैदराबादची चिठ्ठी काही येत नव्हती. त्यांनी ओळखीवर पोती दिली. आमची कमी पडली म्हणून नांदेडकरांची काही दिवस उसनी घेतली. शेजारी साखर मागतात, तसे त्यांना ते वाटत होते.

"साहेबांना तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "मी सांगितले तर ती चोरी वाटेल."

हमालांना बोलावून त्यांनी नांदेडकरांची पोती परत जागेवर ठेवली.

मॅनेजर आले. दोन्ही थप्प्या मोजल्या. आमच्या थप्पीत बावीस कमी. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिले. मी किसनरावांकडे पाहिले.

"बावीस पोती इचोड्याले गेली, साहेब," किसनराव म्हणाले. "मी देली. तुमच्या चिठ्ठीची वाट पायत रायलो असतो त तिकडच्या लोकायनं अळणी वरण खाल्लं असतं."

मॅनेजरांनी माझ्या वहीतली आज सकाळची पुरी मोजणी पाहिली. "आणि मोजणीत भरती कोणाच्या पोत्यांनी केली?"

"तेही मीच केलं."

पुढे मॅनेजरांनी इचोड्याच्या दुकानदारांकडून पोच आणवली, तूट किसनरावांच्या दलालीतून वळती केली आणि अडत कायम ठेवली. चिठ्ठ्या तारेने पाठवण्याचेही ठरले. मात्र गोडाऊनला दुसरे कुलूप लागले. त्याची किल्ली माझ्याकडे आली.

मला वाटले, संकट टळले. संध्याकाळी किसनराव माझी वळकटी ओसरीवर आणून ठेवत म्हणाले, "राग नोका मानू. किल्लीवाल्या माणसाले मी रोज जेवू घातलं त लोकं काय मनतीन?"

त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून मी एका छताखालचा सगळा माल एकाच वेळी मोजत आलो, आणि ज्याचे गोडाऊन मोजायचे त्याच्या घरी चहासुद्धा घेतला नाही. किसनरावांकडचे जेवण मात्र फार चांगले असे.