भाकर मोडण्याआधी

आत्माराम भिंगारदिवे हा भाजीवाल्याचा काटा दोनदा तपासणारा माणूस. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत ते काचेची उपकरणं घडवायचे, आणि रविवारी तिथल्याच महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या आपल्या घरी चार मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना चालवायचे. प्रभुभोजनासाठी बायको लतिका ज्वारीची भाकर करायची. ती मोडण्याआधी, ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं उठून माफी मागायची, हा शिरस्ता आत्मारामांनी अहमदनगरहून आणला होता.

पंच्याऐंशी साली चारुदत्त नावाचा प्रचारक जवळच्या विकास नगर वस्तीत उतरला. मेलेल्यांचे निरोप आणतो म्हणे! आत्माराम भडकले. "प्रेषित पौलाच्या काळीही असे गोडबोले खोटे प्रेषित मंडळीत शिरले होते. पौल बोलण्यात कच्चा म्हणून त्याला हिणवायचे. तो हटला नाही, मीही हटणार नाही." लोक माना डोलवायचे आणि बुधवारी गुपचूप चारुदत्तकडे जायचे.

मग कळलं, लतिकाही जाते. त्यांची एकुलती लेक नयना आठव्या वर्षी तापानं गेली होती, तिचे निरोप ऐकायला. आत्मारामांच्या पायाखालची वाळू सरकली. स्वतःचं घर राखता येत नाही, त्यानं मंडळी काय राखायची? आणि नयनाचं नाव त्या भामट्याला पुरवलं कुणी? त्यांना उपासनेला येणाऱ्या उल्हासचा संशय आला, मग त्याच्या बायकोचा, मग शेजारणीचाही.

बुधवारी ते स्वतःच जाऊन मागे बसले. चारुदत्त डोळे मिटून लतिकाला म्हणाला, "बहनजी, नयना म्हणते, आई, रडू नकोस."

आत्माराम ताडकन उठले. "अरे लबाडा, माझी पोर जन्माची मुकी होती! एक शब्द बोलली नाही कधी!"

चारुदत्तचा चेहरा पडला. लोक उठून चालू लागले.

रिक्षात आत्मारामांना आनंद मावत नव्हता. "आता नाव कुणी सांगितलं, तेवढं हुडकून काढतो."

"मी सांगितलं," लतिका म्हणाली.

"अगं, पण तो खोटा आहे!"

"पहिल्याच दिवशी कळलं मला. पण आई म्हणून हाक कुणी मारलीच नव्हती हो मला. खोटी तर खोटी. आणि तुम्ही तर घरात तिचं नावही काढू देत नाही."

 घर येईपर्यंत आत्माराम रस्त्याकडे बघत राहिले.

रविवारी चारही घरं जमली. खोली भरली. आत्मारामांनी भाकर हातात घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाचं कुणाशी काही?"

कुणी उठलं नाही. लतिका खाली बघत होती. आत्मारामांना भाकर मोडवेना. त्यांनी ती ताटात ठेवली आणि सगळ्यांदेखत ते लतिकासमोर जाऊन उभे राहिले.

"लतिका, माझं चुकलं. मला माफ कर. आज तू नयनाबद्दल बोल. आम्ही ऐकतो."

लतिकानं पदरानं डोळे पुसले. कुठून सुरुवात करावी तिला कळेना. मग तिची नजर ताटाकडे गेली.

"तिला भाकरीचा पापुद्रा फार आवडायचा," ती म्हणाली.