अंग धरलेली गाय

माझं पहिलं बाळंतपण आणि आमच्या गाईचं वेत एकाच हिवाळ्यात आलं. मी कोरेगावजवळच्या माहेरी पोहोचले आणि गोठ्यातली गाय बघून हसूच फुटलं. पाठीवरून हात फिरवला तरी कणा लागत नव्हता. शेपटीच्या बुडाशी चरबीच्या उशा झाल्या होत्या. "कसं अंग धरलंय बघ," आई कौतुकानं म्हणाली, आणि रात्री माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी पडली.

आईला रिकामी गव्हाण बघवत नाही. तिचं माहेर वडूजकडचं, मेंढरांवर आणि कोरडवाहू तुकड्यावर जगणारं. दुष्काळात तिनं चारा छावणीत जनावरं राखली होती. बरगड्या दिसणारं जनावर म्हणजे तिच्या लेखी घराची नाचक्की. आमच्याकडं "भूक लागली का?" असं कुणी कुणाला विचारतच नाही. आईनं वाढायचं, समोरच्यानं खायचं. नको म्हटलं की तिचा चेहरा पडतो, मग आपणच मुकाट्यानं गिळतो.

विण्याआधी गाईचं दूध आटवलं, तेव्हाच जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "काकी, पेंड आन् भरडा कमी करा आता. कडब्यावर ठेवा. एवढी जाड गाय व्याली की खाणं सोडते. मग अंगातली चरबी जळायला लागते, दूध बसतं आणि गायही बसते." आई मान डोलवायची. त्यांची मोटारसायकल वळली की पेंडीची पाटी भरायची.

"पोटुशीला उपाशी ठेवायचं व्हय?" ती मला म्हणायची. "अंगात आसंल तरच कासंत उतरंल न्हवं?" माझ्या भातावर तूप ओतत म्हणायची, त्यामुळं मला ते पटायचंही.

गाय व्याली. कालवड झाली. आईनं गल्लीभर खरवस वाटला. सुरुवातीला दूध भरपूर निघालं, तेवढ्यावर आई हरखली. मग गाईनं गव्हाणीकडं पाठ फिरवली. दूध रोज कमी होत गेलं. ती भरलेली पाठ डोळ्यांदेखत ओसरली, हाडं वर आली. तिच्या तोंडाला एक गोडसर, नकोसा वास यायचा. डॉक्टर सलाईन लावून जायचे. आईला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं.

आई रोज नवं काहीतरी पुढं करायची. हिरवा मका, उसाचं वाडं, गुळाचं पाणी, शेवटी ताजी भाकरी. गाय नुसता वास घ्यायची. "खा की गं बाई. येक घास खा." आईला कुणाची अशी मनधरणी करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात मला मुलगी झाली. दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी आलो तेव्हा गाय बसलेली होती. ती पुन्हा उठली नाही. वडिलांनी शेजाऱ्यांना घेऊन तिला बांधाकडेला पुरलं. आई रडली नाही. तिनं कालवडीला बाटलीनं दूध पाजलं, गव्हाण घासून धुतली आणि उरलेली पेंड शेजारच्या गोठ्यात देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाला पाजत होते. आई डिंकाचे लाडू घेऊन आली. एरवी तिनं लाडू माझ्या हातात कोंबला असता. त्या दिवशी ती दारातच थांबली.

"भूक हाय का गं?"

मला अजिबात भूक नव्हती. तरी मी हात पुढं केला. "लय लागलीया, आई."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"नसंल तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि ताटलीवर झाकण ठेवलं.