अर्ध्या प्रदक्षिणेची गाडी

आमच्या धनाकाकाचं वय सत्तेचाळीस, नाव धनेश, आणि त्याचं कुठलंही वाक्य 'टेक्निकली' या शब्दाशिवाय सुरू होत नाही. लग्न ठरताना आजीने विचारलं होतं, पोरगी पसंत हाय ना, तर हा म्हणाला, टेक्निकली हो. संध्याकाकू ते अजून विसरलेली नाही. भाजीत मीठ कमी पडलं की ती शांतपणे सांगते, टेक्निकली घातलंय.

काका नवी मुंबईत, पावणे गावच्या एमआयडीसीत, कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वायरमन आहे. म्हणजे नक्की काय, हे आमच्या खानदानात कुणालाच माहीत नव्हतं. कपाटाएवढी लोखंडी पेटी, आत दोन-तीनशे वायरी, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर छापलेली इवलीशी नळी. तिला फेरूल म्हणतात. सगळ्या वायरी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या सरळ. मग दार बंद होतं, कुलूप लागतं आणि पेटी कुठल्यातरी पंपहाउसला निघून जाते. बावीस वर्षं हा माणूस असलं काम करतोय, जे बघायलाही चावी लागते. घरच्यांच्या लेखी मात्र 'धना लायटीचं बघतो'. लग्न असो, बारसं असो, काका आला की त्याला आधी स्टुलावर चढवतात आणि पंखा दाखवतात.

त्याचा मोठा भाऊ म्हणजे आमचे पप्पा, वामन. गाळे, चाळी आणि आता स्वतःची बिल्डिंग. पप्पांचं वाक्य 'विषय संपला'. ते विषय सुरू व्हायच्या आधीच म्हणतात, त्यामुळे वेळ वाचतो.

आमचा गणपती पावण्याच्या घरात बसायचा. ते घर पाडून पप्पांनी बिल्डिंग काढली आणि आम्ही दीड वर्षासाठी घणसोलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो. पप्पा म्हणाले, यंदा गणपती घणसोलीला, विषय संपला. आजी, म्हणजे मालतीबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सुपारी कातरता कातरता म्हणाली, "देव भाऱ्यान नाय राहाचा."

राहता राहिला काकाचा जुईनगरचा स्वतःचा फ्लॅट. पप्पांनी मोठं मन केलं: यंदापुरता ने, पुढल्या वर्षी आमचा नवीन हॉल तयार आहे, तीस बाय अठरा. पण आजीने तिथे विषय संपू दिला नाही. जिथे देवाचं नीट होईल तिथे पाट जाईल, ते मी विसर्जनाला ठरवीन, असं तिने जाहीर केलं. आमच्याकडे मूर्ती दरवर्षी नवी येते, पण पाट पणजोबांच्या वेळचा सागाचा. ज्याच्या घरी पाट, त्याच्या घरी गणपती.

काकाने त्याच रात्री टेप घेऊन हॉल मोजला. अख्खं खानदान आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घरी येणार होतं, आणि तेही पंखा दाखवायला नाही.

वर्कशॉपच्या मालकाचा मुलगा कॅनडाला गेला तेव्हा त्याच्या खेळण्यातल्या रेल्वेचा खोका मालकाने काकाला देऊन टाकला होता. दोन गाड्या, बारा व्होल्टची इंजिनं, पोतंभर रूळ. काकाने हॉलमधला सोफा बेडरूममध्ये, बेडरूममधला पलंग गॅलरीत सरकवला आणि सहा बाय पाचचं प्लायवूड टाकलं. मधोमध चौरंगाची जागा, भोवती डबल लाईन, अप आणि डाऊन. थर्माकोलला बंदी, म्हणून एपीएमसीतून कांद्याची रिकामी पोती आणून प्लास्टरमध्ये बुडवली आणि पारसिकचा डोंगर केला. भांडी घासायची हिरवी घासणी कुरतडून झाडं. खाडीत गुलाबी रंगवलेल्या कानकोरण्या खोचून फ्लेमिंगो. संध्याकाकूला दीड महिना कान साफ करायला कानकोरणी मिळाली नाही आणि भांड्यांना घासणी.

हे झालं वरचं. खरा काका प्लायवूडच्या खाली होता. तिथे तो पाठीवर झोपून, तोंडात पक्कड धरून एकशे अठ्ठेचाळीस वायरी ओढत होता. प्रत्येकीला फेरूल. बाजूला छोटं पॅनल, त्यावर हिरवं बटण, आणि इमर्जन्सीला दाबायचं छत्रीसारखं लाल मशरूम बटण. सोसायटीतले लोक चप्पल काढून बघायला यायचे आणि विचारायचे, हे तर दोन वायरींत चालतं ना? काका प्लायखालून उत्तर द्यायचा, "टेक्निकली, चालतं. पण उद्या फॉल्ट आला तर शोधणार कोण?"

गणपतीच्या तीन दिवस आधी ट्रायल झाली. आम्ही सगळे घणसोलीहून आलो. आजीला खुर्ची दिली. काकाने केस विंचरले, हिरवं बटण दाबलं. अप गाडी चौरंगाभोवती उजवीकडून निघाली, डाऊन गाडी तिच्या उलट. डोंगरापाशी दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या, सिग्नल लाल झाले, हिरवे झाले. पप्पांचंही तोंड उघडं राहिलं होतं. ते त्यांनी जांभई देऊन मिटवलं.

आजीने तीन फेऱ्या बघितल्या. मग सुपारीचा अडकित्ता डाऊन गाडीकडे रोखला. "ही उलटी फिरते."

काकाने समजावलं की टेक्निकली आई, एक जायची लाईन, एक यायची.

"माझा देव मधी बसनार. एक गारी त्याला परदक्षिना घालते. दुसरी तीच परदक्षिना उलटी फिरून काढून नेते. मंग देवाला मिलालं काय?"

बेरीज शून्य, आजीचं गणित बरोबर होतं.

पप्पांना इतकं सोपं झालं की त्यांनी दोन लाडू घेतले. दोन्ही गाड्या एकाच बाजूने फिरव, ते म्हणाले, विषय संपला. पण इथे धनाकाकाचा धर्म आडवा आला. हा माणूस भर दुपारी पावण्याच्या रिकाम्या नाक्यावर लाल सिग्नलला थांबतो आणि मागचे ट्रकवाले त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतात, तरी हलत नाही. दोन्ही गाड्या सरळ प्रदक्षिणा घालायला लागल्या तर एक राँग साईडने धावणार. "टेक्निकली ती समोरासमोर धडक आहे दादूस, फक्त अजून झालेली नाही," तो म्हणाला. एक बंद ठेव म्हटलं तर म्हणाला, बंद गाडी दिसली की लोक विचारतील, बिघडली का?

आजी उठली. गाड्या काढून टाक आणि झेंडूच्या माळा लाव, एवढं सांगून चपला शोधायला गेली. पप्पांनी जाता जाता पाटावर हात फिरवला, आपल्याच गाडीच्या बॉनेटवर फिरवतात तसा.

पुढचा अख्खा दिवस काका प्लायखालीच होता, पण पक्कड वाजत नव्हती. संध्याकाकूने वाकून बघितलं तर नुसता पडला होता, छताकडे बघितल्यासारखा प्लायवूडकडे बघत.

हरतालिकेला सकाळी तो आजीला आणि काकूला पावण्याच्या शंकराच्या देवळात घेऊन गेला. मी आणि मम्मीही होतो. बायकांची ही मोठी रांग. काका बाहेर चपलांपाशी उभा राहून बघत होता. बायका पिंडीला उजवीकडून निघायच्या, मागे जिथून अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत जायच्या आणि ती न ओलांडता आल्या वाटेने परत. तिथून दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत, पुन्हा परत. हे आम्ही जन्मापासून बघतोय. काका मात्र पहिल्यांदाच बघत असल्यासारखा मान डावी-उजवी करत होता.

आजी बाहेर आली तशी त्याने तिला चप्पलसुद्धा घालू दिली नाही. "आई, तिथून परत फिरता ते चालतं? उलटं नाही होत?"

"शंकराला तशीच असते. पानी ओलांडायचं नाय. थांबायचं नि मागं फिरायचं."

"लिमिट स्विच," काका म्हणाला, म्हणजे हद्द आली की मशीन थांबवणारं बटण. मग घसा खाकरला. "बापाला चालतं, तर पोराला चालेल?"

आजीने देवळाकडे बघितलं, वर बघितलं, जणू तिकडे कुणाला तरी विचारायचं होतं. मागे उभ्या बायकाही थांबल्या. उपासाच्या दिवशी एवढं मनोरंजन कुठे मिळतं.

"बापाचं पोराला चालते," आजी म्हणाली. "पन पानी पायजे."

काका घरी आला तो थेट हॅक्सॉ ब्लेड घेऊन बसला. घरात सगळ्यांचा उपास, त्यामुळे त्याला जेवायला कुणी वाढलं नाही आणि त्यानेही मागितलं नाही. बाहेरची अख्खी डाऊन लाईन उखडली. एकच लाईन राहिली, आणि सिंगल लाईनवर जाणं-येणं दोन्ही कायदेशीर. तिथे राँग साईडच नसते. चौरंगाच्या मागे रूळ कापले आणि खाडी तिथपर्यंत खणत नेली, फ्लेमिंगोसकट. दोन्ही काठांवर रुळाचा शेवटचा तुकडा वेगळा काढून त्यात डायोड घातला. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार: गाडी पाण्यापाशी आली की करंट बंद, गाडी आपोआप थांबणार, दहा सेकंदांनी रिलेने दिशा बदलली की तेच दार परतीसाठी उघडणार. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असलेली गाडी ठेवली. दुसरीचे डबे प्लायवरच काढलेल्या तुर्भ्याच्या मालधक्क्यावर उभे केले. एकशे अठ्ठेचाळीस वायरींपैकी सत्त्याऐंशी निघाल्या. त्यांच्याकडे तो कापलेल्या केसांकडे बघतात तसा बघत होता.

चतुर्थीला पन्नास माणसं आली. गाडी खाडीच्या काठापर्यंत धावत जायची तेव्हा सगळी पोरं श्वास धरायची आणि म्हाताऱ्या 'गेली, गेली' म्हणायच्या. गाडी थांबायची, दहा सेकंद विचार करायची आणि परत फिरायची. भर आरतीत पप्पांनी लाल मशरूम दाबलं. गाडी, सिग्नल, स्टेशनचे दिवे, सगळं बंद. टाळ्याही थांबल्या.

काका पॅनलपाशी गेला. त्याच्या वर्कशॉपचा नियम आहे, आधी कारण, मग रिसेट. "दादूस, कारण?"

"बघत होतो," पप्पा म्हणाले.

काकाने मान डोलावली, बटण फिरवून सोडलं आणि आरती 'संकटी पावावे'पासून पुढे सुरू झाली.

त्यानंतर आजी पॅनलपाशी गेली. त्याला लोखंडी दार नव्हतंच. काकाने पारदर्शक प्लॅस्टिक लावलं होतं, आत वायरी वेणीसारख्या बांधलेल्या. आजीने चष्मा वर-खाली केला. "येनी कोनी घातली?" तिने विचारलं. काका म्हणाला, मीच. "रोज असंच करतस?" रोज, तो म्हणाला. टेक्निकली म्हणायला विसरला. त्या दिवशी कुणीही त्याला पंखा दाखवला नाही.

दीड दिवसांनी विसर्जन. तलावावरून परतताना पप्पांनी मोठ्या गाडीची डिकी उघडली आणि पाटासाठी हात पुढे केला. आजीने पाट डिकीत ठेवला नाही, मांडीवर घेतला. पाटावर चिमूटभर रेती, परत आणायची असते तशी. सिग्नलला पप्पांनी घणसोलीचा इंडिकेटर दिला.

"जुईनगर," आजी म्हणाली.

पप्पांनी आरशात बघितलं. आता पाट आमच्याकडे राहू दे आई, पुढल्या वर्षी हॉल...

"वामन, विषय संपला."

पप्पांचं वाक्य पप्पांनाच लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं. इंडिकेटर बदलला.

घरी काकाने पाट मोकळ्या चौरंगावर ठेवला आणि सवयीने हिरवं बटण दाबलं. आजीने पाटावरची रेती चिमटीत धरली आणि धावत आलेल्या गाडीच्या टपावर सोडली, तिलाही प्रसाद म्हणून. रूळ पुसायला स्पिरिट आणि कापूस वापरणाऱ्या माणसासमोर. काका म्हणाला, टेक्निकली, रेती गिअरमध्ये... आणि आजीच्या तोंडाकडे बघून उरलेलं वाक्य गिळलं.

गाडी अजून करकरते. खाडीपाशी जास्तच. साफ का करत नाही विचारलं की सांगतो, टेक्निकली फॉल्ट नाही.